येतो म्हणून गेलेली माणसं

माणसाने आकाशातल्या चांदण्या मोजाव्यात, भिंतीवरच्या मुंग्या मोजाव्यात, पण आपल्या इमारतीतली माणसं मोजायच्या फंदात पडू नये. मी हे अनुभवाने सांगतो. आमच्या इमारतीतल्या साऱ्या बिऱ्हाडांना पाहुण्यांसकट एका रांगेत उभं केलं, तर रांग जेमतेम फाटकापर्यंत पोचेल. त्याच इमारतीत एका दुपारी दीड हजारांच्या वर माणसं कोंबली आहेत असं ठरलं, आणि ती शोधायला एक लाल बंब, दोन शिड्या आणि एक कमालीचे कर्तव्यदक्ष साहेब दारात येऊन उभे राहिले. यात माझा दोष एवढाच, की मी सासरा आहे.

आमची सून सॉफ्टवेअर लिहिते. घरी बसून लिहिते, पण 'घरी बसून' हे शब्द तिच्यापुढे काढायचे नाहीत. मी एकदा काढले होते आणि त्या दिवशीचा चहा मला स्वतः करून प्यावा लागला. ती लिहीत होती त्या सॉफ्टवेअरचं नाव 'दारवान'. इमारतीच्या मुख्य दाराशी एक छोटा पडदा आणि एक माईक. आत शिरताना माणसाने सरळ आपल्या बोलीत सांगायचं की मी आलो, की दारवान एक मिळवतो. बाहेर पडतानाही तसंच सांगायचं, की एक वजा करतो. कार्ड नको, अंगठा नको, बटण नको. उद्या आग लागली तर आत किती जीव आहेत हे बंबवाल्यांना निघायच्या आधीच समजतं. जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांनी, एकमेकांचं तोंडही न बघता, मिळून हे लिहिलेलं. आपल्या भाषेचा भाग एकट्या आमच्या सुनेने लिहिला होता.

"बाबा, हे मुक्त सॉफ्टवेअर आहे," ती मला समजावून सांगत होती. "आत काय लिहिलंय ते कुणीही उघडून बघू शकतं, दुरुस्त करू शकतं. ते कुणा एकाचं नाही, म्हणून सगळ्यांचं."

"म्हणजे आपल्या जिन्यातल्या दिव्यासारखं," मी म्हणालो. "तोही सगळ्यांचाच आहे. म्हणून तर गेल्या वर्षापासून बंद आहे."

ती हसली नाही. एरवी हसते. पुढची आवृत्ती निघायची होती, आणि आपली भाषा तीत घ्यायची की वगळायची हे तिकडची मंडळी ठरवणार होती. अट एकच: खऱ्या माणसांनी खऱ्या दारात वापरून चुका काढलेल्या हव्यात. चुका नाहीत म्हणजे कुणी वापरलंच नाही, आणि वापरलं नाही म्हणजे नकोच.

"वगळलं तर?"

"तर दोन वर्षं पाण्यात. मग मी सरळ दादाच्या दुकानात जाऊन बसते."

तिच्या भावाचं ताडपत्र्यांचं दुकान आहे आणि ताडपत्रीच्या नुसत्या वासाने तिला शिंका सुरू होतात. तिच्या लग्नात दादा शेजारी उभा होता तर ती मंगलाष्टका संपेपर्यंत शिंकत होती. म्हणजे प्रकरण कुठल्या थराला गेलं होतं ते बघा. माझ्यातला सासरा जागा झाला. "अगं," मी म्हणालो, "चुका काढायला माणसं हवीत ना? मग आपण राहतो कुठे? या इमारतीत पाळण्यातलं पोरसुद्धा आधी नाक मुरडतं आणि मग रडतं. माणसं माझ्यावर सोड."

बोलून गेलो. माझी बरीचशी संकटं ही अशी बोलून गेलेली आहेत.

गच्चीवर सभा बोलावली. सून काय करायचं ते सांगू लागली आणि 'चाचणी' या पहिल्याच शब्दाला पहिल्या मजल्यावरच्या मावशींनी हात वर केला.

"चाचणी उपाशीपोटी द्यायची की जेवून?"

"मावशी, चाचणी यंत्राची आहे. तुमची नाही."

"मग यंत्र राहील उपाशी. आम्हाला कशाला गच्चीवर चढवलंस?"

आमच्या चेअरमनांचा स्वभाव असा, की रस्त्यात कुणी 'नमस्कार' म्हटलं तर ते आधी खिसा चाचपतात. "फुकट आहे म्हणता," ते म्हणाले. "मग यात गोम काय?"

"तीच तर शोधायची आहे, काका," सून म्हणाली. "दिसेल ती चूक सांगा. फक्त नीट सांगा. काय केलं, काय झालं, आणि पुन्हा करून दाखवता येईल अशी सांगा. करून दाखवता आली नाही तर तिकडे चूक धरत नाहीत."

दुसऱ्या मजल्यावरचे परीक्षक पुढे सरसावले. हे गृहस्थ उभं आयुष्य उत्तरपत्रिका तपासून निवृत्त झालेले. शंभरपैकी शंभर त्यांनी म्हणे एकदाच दिले, आणि ती उत्तरपत्रिका कोरी होती. "चुका माझ्याकडे लागल्या," ते म्हणाले. मी सुनेकडे असं काही बघितलं, की जणू किल्ला सर झाला.

दारवान बसला. चेअरमनांनी फर्मान काढलं, की येताजाता प्रत्येकाने त्याच्याशी बोलायचंच. अग्निशमन दलाशी चाचणीपुरती जोडणीही सुरू झाली. आणि मग आठवडाभर आमच्या इमारतीने जो दगा दिला, तसा दगा रणांगणावरसुद्धा कुणी दिला नसेल.

सगळे म्हणाले, छान आहे.

जी माणसं पाण्याच्या टाकीच्या झाकणाच्या रंगावरून एकमेकांशी वर्षभर बोलत नव्हती, ती म्हणाली, छान आहे. मावशी म्हणाल्या, गोड आवाज आहे हो. परीक्षकांनीसुद्धा शेरा दिला, 'प्रयत्न स्तुत्य.' कारण काय, तर आपल्या घरातल्या पोरीने केलंय, फुकट दिलंय, नावं कशी ठेवायची! धर्माच्या गाईचे दात बघू नयेत हे मलाही माहीत आहे. पण इथे गाय स्वतः जबडा वासून उभी, की अहो, बघा हो माझे दात! आणि बघणारे म्हणतायत, काय सुरेख शेपूट!

"बाबा," सून हताश होऊन म्हणाली, "'छान' ही चूक मी कुठे घालू?"

तेव्हा मी एक युक्ती केली. जिन्यात मावशींना गाठलं, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणालो, "कुणाला सांगू नका, पण हे दारवान प्रकरण मुळात आमच्या सुनेचं नाही. समोरच्या इमारतीतल्या एका इंजिनियरने केलंय. ती बिचारी नुसती हाताळते."

मावशींना सांगितलेली गोष्ट इमारतभर व्हायला जिना चढावा लागत नाही. ती भिंतीतून ओल जाते तशी जाते. मी घरात जाऊन चपला काढेपर्यंत आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऐकलंत का? ते दारवान समोरच्यांचं आहे म्हणे. तरीच मेलं तोंड वाकडं करून बोलतं."

पाट फुटावा तशा चुका आल्या. दारवान खोकल्याला माणूस समजतो. दारवानला आदर नाही, वयस्कर माणसाला 'नोंद झाली' म्हणतो, 'झाली बरं का' म्हणत नाही. त्याच्या पडद्याच्या उजेडात मी जाड दिसते. माझ्या जावयाचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. (जावयाचं बोलणं त्यांच्या मुलीलाही ऐकू येत नाही, पण ती समोरच्या इमारतीत तयार झालेली नाही.) परीक्षकांनी दारवानच्या सगळ्या वाक्यांचं व्याकरण तपासून त्याला पस्तीसपैकी अकरा दिले आणि पुनर्परीक्षा सुचवली. एकाने तर गच्चीवर कबुतरं फार झाली आहेत हीसुद्धा दारवानची चूक म्हणून कळवली, आणि करून दाखवायला सुनेला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेला.

सून वरच्या मजल्यावर त्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली. जेवायला उठेना. पण तोंडावर तेज! "बाबा, खोकल्याची चूक खरी आहे!" असं ती ज्या आवाजात ओरडली, त्या आवाजात लोक मुलगा झाला असं सांगतात.

खरी चूक मात्र खाली दाराशी निवांत वाढत होती. पडद्यावर इमारतीतल्या माणसांचा आकडा दिसायचा. तो रोज चढत होता. शंभर झाले, तीनशे झाले, सातशे झाले. चेअरमनांना हे दिसत होतं. पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांना अभिमान वाटत होता. "समोरच्या इमारतीत आहेत का एवढी माणसं?" असं ते फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. दीड हजारांवर आकडा गेला, आणि दारवानने, त्याला शिकवलं होतं त्याप्रमाणे, अग्निशमन दलाला कळवलं: इमारतीत क्षमतेपेक्षा फार जास्त माणसं आहेत, ताबडतोब या.

ते आले. घंटा वाजवत आले. साहेब उतरले, शिरस्त्राण सारखं केलं आणि म्हणाले, "इमारत रिकामी करा."

आम्ही उतरलो. हातात येईल ते घेऊन उतरलो. आमच्या हिने शिवणयंत्राचं फक्त चाक आणलं. परीक्षक लाल पेन घेऊन आले. समोरच्या इमारतीची गॅलरी तिकिटं लावल्यासारखी भरली. सगळे बाहेर आल्यावर साहेबांनी आमच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

"हे झाले चाळीस-पन्नास. बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे नाहीतच, साहेब," मी म्हणालो.

"यंत्र म्हणतं आहेत. आणि आजोबा, तुम्ही बाहेर पडायला लागल्यापासून आकडा कमी झालेला नाही. वाढलाय. ही इमारत आहे की कोंबड्यांचं खुराडं? माणसं उबवताय का आत?"

"हे सगळं समोरच्यांचं कारस्थान आहे!" चेअरमन ओरडले. "त्यांनीच केलंय ते यंत्र!" गॅलरीतून लगेच आवाज आला, "आम्ही? आम्हाला तर ते बघायलाही मिळालं नाही!" चेअरमनांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. दोन इमारतींत आता रस्त्याच्या मधोमध युद्ध पेटणार, तेवढ्यात मला बोलणं भाग पडलं. चारचौघांत, बंबाच्या साक्षीने मी सांगितलं की समोरचा इंजिनियर वगैरे कुणी नाही, दारवान आमच्या सुनेनेच केलाय, थाप माझी.

मावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "तसा छान आहे हो."

"प्रयत्न स्तुत्य," परीक्षक म्हणाले.

मी पन्नास वर्षं जपलेली अब्रू त्या रस्त्यावर ओल्या पापुद्र्यासारखी सोलली जात होती, आणि सुनेचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. ती पडद्याकडे टक लावून बघत होती. मावशींची वाती वळायची पेटी आत राहिली होती, ती आणायला साहेबांनी त्यांना शिपाई बरोबर देऊन आत सोडलं. मावशी आत गेल्या, "आले गं बाई" म्हणाल्या. एक वाढला. पेटी घेऊन परत निघाल्या आणि दाराशी, सवयीने, मान लववून दारवानला म्हणाल्या, "बरं, येते हं."

आणखी एक वाढला.

सुनेने कपाळावर हात मारला. "बाबा! येते! सगळे बाहेर पडताना 'येतो' म्हणतायत!"

"मग काय म्हणणार?" मी म्हणालो.

"मी 'येतो', 'येते', 'आलो', 'आले' हे सगळं आत येण्यात धरलंय! बाहेर पडण्यात 'जातो', 'जाते', 'गेलो', 'गेले'!" ती एकाच वेळी हसत आणि रडत होती. "मी एकटीने तपासलं तेव्हा सगळं बरोबर चालत होतं हो!"

चालणारच. दोन वर्षं पोरगी खुर्चीवरून उठली नव्हती. 'येते' म्हणायला माणूस आधी घराबाहेर पडावा लागतो.

साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं कसं? बाहेर जाणारा माणूस 'येतो' कशाला म्हणेल?"

"आगाऊ वर्तमानकाळ," परीक्षक म्हणाले. "वक्ता जाण्याची क्रिया गाळून परत येण्याचं आश्वासन देतो."

"मला व्याकरण नको. आकडा शून्य झाल्याशिवाय मला हलता येत नाही. यंत्राला कुणी हात लावायचा नाही. एवढी माणसं आत मोजली आहेत. ती तरी बाहेर पडली पाहिजेत, नाहीतर यंत्र चुकतंय हे आमच्या खात्यातल्या माणसाच्या स्वतःच्या येण्याजाण्यातून सिद्ध झालं पाहिजे. तुमची साक्ष चालणार नाही, तुम्ही राहणारे."

"मग कुणीतरी दीड हजार वेळा 'जातो' म्हणा," चेअरमन म्हणाले. "आकडा उतरेल."

पुढे कुणी होईना. "मी म्हणतो," मी पाऊल टाकलं. अब्रू गेलीच होती, निदान जरा उपयोगी पडावं. आमच्या हिने शिवणयंत्राचं चाक माझ्या पोटाला लावून मला अडवलं.

"तुम्ही दीड हजार वेळा 'जातो' म्हणणार? माझ्यादेखत? एकदा तरी म्हणून बघा."

मी मागे झालो. चेअरमनांना मी म्हटलं, तुम्ही म्हणा. ते म्हणाले, मी चेअरमन आहे, मी गेलो तर निवडणूक घ्यावी लागेल. मावशींनी तर कानांवर हातच ठेवले. "अहो, 'जातो' म्हणून निघालेला माणूस मी तरी परत आलेला बघितला नाही."

शेवटी साहेबांनी आपली माणसं शोधायला आत घातली. त्यांनी कपाटं उघडली, पलंगांखाली बॅटऱ्या मारल्या, पाण्याच्या टाकीत काठी घालून बघितली. आमच्या धान्याच्या पिंपात एक शिपाई कमरेपर्यंत उतरला आणि त्याला काढायला दुसरा लागला. त्या धावपळीत त्यांच्यातला जो तो दाराशी काही ना काही बोलून जात होता, आणि आकडा फुगत होता. ऊन कलायला लागलं. सून पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"चूक सापडली, पण करून दाखवता आली नाही, बाबा," ती म्हणाली. "तिकडेही हेच विचारतील. राहणारी माणसं घरची. बाहेरच्या कुणी बघितली का, म्हणतील." आणि तिला एक शिंक आली. ताडपत्री जवळपास कुठेच नव्हती. नुसत्या विचारानेच आली असावी.

साहेब दमून जिना उतरले. घामाघूम झाले होते. दाराशी थांबून त्यांनी शिरस्त्राण काढलं, रुमालाने मान पुसली आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "आज एवढंच. दाराशी पहारा ठेवतो, उद्या पुन्हा शोधू. बरं, येतो मी."

दारवान म्हणाला, 'नोंद झाली.' पडद्यावर एक वाढला.

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. दारातून परत आत आले. घसा खाकरला. या वेळी अगदी हळू, चोरासारखं म्हणाले, "येतो."

एक वाढला.

समोरच्या गॅलरीतले कठड्यावरून अर्धे बाहेर आले होते.

"साहेब," सून उठून म्हणाली, "आता एकदाच 'जातो' म्हणा. कमी होतो की नाही ते बघा. म्हणजे सिद्ध झालं."

साहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग शिरस्त्राण छातीशी धरून म्हणाले, "ताई, आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. रोज घरातून निघताना आई दाराशी उभी असते. आजवर तो शब्द मी तोंडातून काढलेला नाही, तो या यंत्रासाठी काढू?" आणि मागे वळून शिपायांना म्हणाले, "शिड्या आवरा. यंत्र चुकतंय. माझ्यासमोर चुकलंय. दोनदा."

सुनेने तिथेच, पायरीवर बसून, ती चूक तिकडे कळवली: कोण, कुठे, काय म्हणालं, काय झालं. साहेबांनी स्वतःच्या आवाजात दुजोरा दिला. आणि मग तिकडून जे सुरू झालं ते मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा पुन्हा थापा मारतोय. कुठल्या कुठल्या भाषांतली माणसं जागी झाली. आमच्याकडेही निघताना असंच काहीबाही म्हणतात, असं जो तो कळवू लागला. एका बेटावरच्या बाईंनी लिहिलं, की त्यांच्याकडे पाहुणा उठताना 'अजून जरा बसतो' म्हणतो, आणि त्यांच्या इमारतीत दारवानच्या हिशेबाने सगळे पाहुणे गेल्या वर्षापासून बसलेलेच आहेत. जगभरातली दारं चुकत होती, आणि सगळ्यांना वाटत होतं, छान चाललंय.

आपली भाषा नव्या आवृत्तीत घेतली. नुसती घेतली नाही, निरोपाचा सगळा भागच आमच्या सुनेकडे सोपवला. दादाच्या दुकानात तिने फोन करून सांगितलं, आणि पलीकडे दादा एवढ्या जोरात हसला की तिला फोनवरच शिंक आली. माझ्या थापेबद्दल मला घरात अजून चहा स्वतः करावा लागतो, पण साखर ती काढून ठेवते.

आता दारवानच्या पडद्यावर दोन आकडे असतात. एक 'आत', दुसरा 'येणार'. बाहेर पडताना 'येतो' म्हटलं, की माणूस 'आत'मधून निघतो आणि 'येणार'मध्ये जातो. परतला की जिथल्या तिथे. रात्री सगळी बिऱ्हाडं घरी आली की 'येणार'खाली शून्य यायला हवं. पण येत नाही. एक उरतो. सुनेने तपासलं, तर ते साहेब. बाकीचा जुना हिशेब पुसला होता, पण चुकीचा पुरावा म्हणून ठेवलेली त्यांची त्या दिवशीची नोंद नव्या हिशेबात तशीच आली होती. ती पुसायला ती खाली उतरली, तर मावशी दारात आडव्या.

"पुसतेस काय? येतो म्हणाला होता ना तो?"

"मावशी, ती चूक आहे."

"चूक असेल तुझ्या यंत्राची. तो म्हणालाय. येईपर्यंत राहू दे."

तेव्हापासून तो एक तसाच आहे. चेअरमन फाटकाशी उभे राहून समोरच्यांना सांगतात, की आमच्याकडे एक जण यायचाय. तर साहेब, हे तुमच्या वाचनात आलं, तर सवडीने एकदा येऊन जा. आग लागायची वाट बघू नका.